सव्वा किलोचा सोबती

मित्रांनो, इतिहास, भूगोल आणि विज्ञान ही तुमची तीन पुस्तकं एका सुतळीने बांधली, तर त्यांचं जेवढं वजन भरेल तेवढंच माझं आहे. सव्वा किलो. मी एक जुना लॅपटॉप आहे. रंगाने राखाडी, अंगाने सडपातळ, वय चार वर्षं. माणसाचं मूल चार वर्षांचं झालं की त्याला बालवाडीत घालतात. आमच्यात चार वर्षं झाली की फळीवर ठेवतात.

मी राहतो ती फळी उरणजवळच्या एका गावातल्या बैठ्या घरात आहे. समोरच्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. माझ्या अंगावर क्रोशाने विणलेला पांढरा रुमाल पांघरलेला आहे आणि शेजारी माझी चार्जिंगची वायर गुंडाळून ठेवली आहे. एवढाच माझा संसार. दिवसभर बोलायला कुणी नसतं, म्हणून म्हटलं, आज तुमच्याशी बोलावं. मिटलेला असलो, अगदी बंद असलो, तरी मला दिसतं आणि ऐकू येतं. माणसांना हे ठाऊक नसतं, म्हणून तर ती आमच्यासमोर मनातलं बोलतात.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बोटांनी माझे इवले इवले स्क्रू पिळले. माझ्या पुढे आणि मागे माझ्यासारखेच शेकडो जण होते, पण आमची ओळख झाली नाही. आमच्यापैकी कुणी अजून सुरूच झालेला नव्हता. मग खोका आला, खोक्याबाहेर आणखी एक खोका, आणि मग कंटेनरचा अंधार. बरेच दिवस सगळं जग नुसतं डुलत होतं. एके दिवशी ते डुलणं थांबलं, कुठल्यातरी मोठ्या हाताने आम्हाला उचलून वर नेलं आणि धाडकन खाली ठेवलं. ते न्हावा शेवा बंदर होतं. म्हणजे ज्या क्रेन मी आज फळीवरून बघतो, त्यांच्यातल्याच एकीने मला या किनाऱ्यावर उतरवलं.

उरणच्या बाजारात परेशचं दुकान आहे. तिथे आम्ही सहा जण गेलो. पाच जण खोक्यातच राहिले आणि मला बाहेर काढून काउंटरवर मांडलं. मला वाटलं, माझं काहीतरी विशेष दिसतंय. नंतर कळलं की मी नमुना आहे. नमुन्याला बघतात सगळे, पण घरी नेताना म्हणतात, "ह्यो न्हाय, खोक्यातला द्या." माझे पाचही भाऊ गेले. मी राहिलो. तो अकरा महिने.

त्या अकरा महिन्यांत कितीतरी बोटं माझ्यावरून फिरली. पण टाइप काय करायचे, तर हाताला येतील ती अक्षरं. एक संपूर्ण वाक्य कुणी लिहिलं नाही. काहीजण मला उचलून बघत आणि चेहरा पाडत. या भागात घरटी एकजण ट्रेलरवर नाहीतर कंटेनर यार्डात. लोखंडाशी रोजचा संबंध असलेली माणसं. वस्तू जड असेल तरच मजबूत, ही त्यांची पक्की समजूत. "शेठ, ह्यात दमच न्हाय," असं म्हणून मला खाली ठेवायचे. मला फार लागायचं ते. हलकं व्हावं म्हणून कारखान्यात माझ्यावर केवढी मेहनत घेतली होती.

मग एप्रिलमधल्या एका सकाळी तीन माणसं दुकानात आली. पुढे डोक्याला पंचा गुंडाळलेले धर्माबाबा. त्यांच्या मागे त्यांची सून प्राप्ती. आणि प्राप्तीच्या कमरेवर तिची अडीच वर्षांची लेक अमिषा. अमिषाच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी वाटेत कुठेतरी पडली असावी.

प्राप्तीने पर्समधून वहीचा एक कागद काढला. "परेशदादा, मी सगळं लिहून आणलंय. वजन दीड किलोच्या आत. रॅम आठ जीबी. एसएसडी पाहिजे, म्हणजे पटकन सुरू होईल. बॅटरी सहा तास तरी चालायला हवी. बटणं हाताला नीट लागायला हवीत, कारण दिवसभर टायपिंग आहे. गेम नकोत, पिक्चर नकोत, लाल-निळे दिवे तर नकोच नकोत."

"वहिनी, तुम्ही तर माझ्यापेक्षा जास्त वाचून आलात," परेश हसला. "काम कसलं आहे?"

काम असं होतं. बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटचं ऑफिस होतं. परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं तिथे तयार होत. प्राप्तीने चार दिवस घरून आणि दोन दिवस ऑफिसात जाऊन काम करायचं. लॅपटॉप मात्र स्वतःचा हवा. तीन महिने पारखून बघणार. जमलं तर कायम, नाही जमलं तर तिथेच राम राम.

"आणि न्हाय जमलं म्हंजे?" धर्माबाबांनी विचारलं.

"जमवायचंच आहे, बाबा," प्राप्ती म्हणाली. ते ती इतकं हळू म्हणाली की दुकानात फक्त मलाच ऐकू आलं असेल.

परेशने आधी एक भलामोठा लॅपटॉप पुढे केला. धर्माबाबांनी तो दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अडीच किलोला थोडा कमी."

परेशने खोक्यावरचा आकडा वाचला. दोन किलो चारशे पन्नास ग्रॅम.

"चाळीस वर्सं मिठाच्या टोपल्या उचलल्यात," धर्माबाबा म्हणाले. "माजा हात म्हंजे काटा हाय. प्राप्ती, ह्योच घेऊ. वजन हाय तर माल हाय."

"बाबा, वजन तुमच्या हातात नाही, माझ्या खांद्यावर येणार आहे."

दुसरा दाखवला तो सगळ्यांत स्वस्त होता. प्राप्तीने त्याची माहिती वाचली आणि बाजूला सारला. "याची रॅम चारच आहे. हा उघडेपर्यंत माझा कुकर होईल." मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"तो नमुन्याचा आहे, वहिनी. अकरा महिने उघडा बसलाय. कमी करून देतो, पण मागाहून मला बोल लावू नका."

तिने अमिषाला काउंटरवर बसवलं आणि माझं झाकण उघडलं. कागद बघत एकेक गोष्ट तपासली. मग माझ्यावर दहाही बोटं ठेवून तिने लिहिलं, 'आज आम्ही उरणला आलो आहोत.' मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. शेवटी तिने पूर्णविरामसुद्धा दिला.

एवढ्यावर ती थांबली नाही. तिने मला एका बॅगेत घातलं, बॅग उजव्या खांद्यावर घेतली, अमिषाला डाव्या कमरेवर घेतलं आणि दुकानाच्या तीन पायऱ्या उतरली. वळून पुन्हा चढली. असं तिने तीनदा केलं. बाजारातली माणसं बघत उभी राहिली.

"काय गो, कवायत करतंस काय?" धर्माबाबा ओरडले.

"ऑफिसच्या दिवशी हिला पाळणाघरात सोडायचं आणि तशीच रिक्षात चढायचं, बाबा. तेव्हा तुम्ही नसणार बॅग धरायला."

धर्माबाबांनी बॅगेतून मला काढलं आणि तळहातावर तोललं. "सव्वा किलो," ते म्हणाले. "ह्याच्यात हाय तरी काय, कोन जाने." मग त्यांनी प्राप्तीच्या खांद्याकडे बघितलं. "पन पोरीचा खांदा वाकत न्हाय. द्या शेठ, ह्योच द्या."

अशी माझी निवड झाली.

घराच्या उंबऱ्यात धर्माबाबांची बायको, सगुणा आजी, भाकरीचा तुकडा घेऊन उभी होती. तिने तो माझ्यावरून ओवाळून टाकला आणि मला निरखून बघितलं. "एवढुसाच?" ती म्हणाली. "हलक्या वस्तूचं काय, कुनीबी उचलतं आनि चालू पडतं." हे म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. प्राप्तीकडे बघत होती.

मला नंतर उमगलं. आजीचा मुलगा, म्हणजे प्राप्तीचा नवरा हितेश, ट्रेलर चालवायचा. महिन्यातले चार दिवस घरी, बाकीचे रस्त्यावर. पूर्वी या घराचं मिठागर होतं. मिठागराला ही माणसं आगर म्हणतात. आगर होतं तोवर घरातली सगळी माणसं एका हाकेच्या अंतरावर असायची. आगर गेलं, तशी माणसं पांगली. धर्माबाबा दिवसभर नाक्यावर बसतात. आजीजवळ उरल्या होत्या त्या सून आणि नात. आणि आता मी आलो होतो, खांद्याला लावून कुठेही नेता येईल असा.

तिसऱ्या दिवशी प्राप्ती अमिषाला न्हाऊ घालत होती. तेव्हा आजी एक चिनी मातीची बरणी घेऊन माझ्याजवळ आली. बरणीत मीठ होतं. त्यांच्या आगराच्या शेवटच्या मोसमाचं, जाडंभरडं, किंचित करडं. या घराची एक रीत होती. नवीन वस्तू आली की तिच्याजवळ आपल्या आगराचं मीठ ठेवायचं. ते मीठ मिळालेली वस्तू घराला धरून राहते, असं ते मानत. हितेशच्या ट्रेलरमध्येही एक पुरचुंडी होती आणि ट्रेलर दर खेपेला सुखरूप परत येत होता. आजीने जुन्या हिरव्या लुगड्याच्या काठात मूठभर मीठ बांधलं आणि माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात अगदी तळाशी सरकवलं.

"हिला घेऊन जाऊ नको रं बाबा," ती माझ्याशी बोलली. "तू हितंच ऱ्हा. तिला पन ऱ्हाऊ दे."

तिच्या आवाजात एवढं आर्जव होतं की मला ती पुरचुंडी औषधासारखी वाटली.

जूनच्या पहिल्या तारखेला काम सुरू झालं आणि माझ्या आयुष्यातले चांगले दिवसही. सकाळी अमिषा उठायच्या आधी तासभर, दुपारी ती झोपली की दोन तास, आणि मधे मधे मिळतील ते तुकडे. प्राप्ती खिडकीजवळ मांडी घालून बसायची आणि मला उशीवर ठेवायची. पुष्कळदा अमिषा तिच्या मांडीवर झोपलेली असे आणि प्राप्ती तिच्या डोक्यावरून हात लांबवून टाइप करी. माझा पंखा फिरला की अमिषाचे केस हलायचे. मी तो होता होईल तेवढा हळू फिरवायचो.

प्राप्ती फार एकटी होती, मित्रांनो. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्याशी बोलणारी माणसं म्हणजे सासू, सासरा आणि अडीच वर्षांचं मूल. हितेशचा फोन यायचा, पण त्यातलं निम्मं रस्त्याच्या आवाजातच विरून जायचं. सकाळी दहा वाजता माझ्या पडद्यावर ऑफिसची मीटिंग असे. तेव्हा ती केस नीट करी, ओढणी सारखी करी आणि माझ्याकडे बघून बोलायला लागे. ती हसली की मला वाटायचं, माझ्याकडे बघूनच हसली.

ऑफिसच्या प्रमुख प्रमोदिनी मॅडम मूळच्या चौलच्या, नारळ-सुपारीच्या वाडीवाल्या घरातल्या. कामाला कडक, पण बोलणं मिश्कील. एकदा मीटिंग चालू असताना अंगणातला कोंबडा जोरात आरवला.

"प्राप्ती, हे साहेब कोण? नवीन भरती का?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, ते आमच्याकडे आधीपासून कायम आहेत. मीच तेवढी तीन महिन्यांची."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "काम चांगलं करतेस. पण आपल्याकडे एकच चूक माफ नसते, ती म्हणजे वेळेची. जहाज कुणासाठी थांबत नाही."

सगुणा आजी दारात उभी राहून हे सगळं बघायची. तिथून तिला पडदा दिसत नसे, एवढंच दिसे की सून एका काचेशी बोलते, हसते, मान डोलावते. एकदा तिने विचारलं, "त्यांना तू दिसतेस काय गो?"

"दिसते ना. आणि ऐकूपण येतं त्यांना."

"येवढ्या लांब?" असं म्हणून आजी आत गेली. तिथे बस म्हणून तिला कुणी म्हटलं नाही, आणि ती स्वतःहून बसली नाही.

प्राप्ती मला फार जपायची. काम झालं की कोरड्या फडक्याने पुसून मला बॅगेत घालायची, चेन लावायची आणि बॅग खुंटीला टांगायची. समुद्राची हवा लागू नये, अमिषाचा हात लागू नये, म्हणून. तिला काय ठाऊक की मला सगळ्यांत मोठा धोका त्या बॅगेतच होता.

जुलै आला. आमच्या किनाऱ्यावर जुलैत भिंतीसुद्धा ओल्या लागतात. मीठ कुठेही असो, हवेतलं पाणी ओढून घेतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघितलंत तर कळेल. पुरचुंडीतलं मीठ पाझरू लागलं. कप्प्याचं कापड भिजलं, अस्तर भिजलं, आणि माझी चार्जिंगची भोकं नेमकी त्याच बाजूला. दर रात्री एकेक थेंब. आधी गुदगुल्या झाल्या, मग चुरचुरलं, मग तिथे काहीच जाणवेनासं झालं. ओरडून सांगायला मला तोंड नाही. मी फक्त चार्जिंगचा छोटा दिवा अधूनमधून विझवून दाखवत होतो. प्राप्तीला वाटलं, गावची वीज आहे, जाते येते.

ऑगस्ट संपायला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी नाशिकहून बेदाण्यांचा एक कंटेनर निघाला होता. चार वाजता बंदराचं फाटक त्याच्यासाठी बंद होणार होतं आणि त्याच्या आत त्याचे कागद जायला हवे होते. दुपारी एक वाजता प्राप्तीने वायर लावली. दिवा लागला नाही. तिने वायर काढून फुंकली, पुन्हा लावली, दुसऱ्या भिंतीवर लावली. काही नाही. माझ्यात एकतीस टक्के उरले होते आणि तीन याद्यांचं टायपिंग बाकी होतं.

तिने अमिषाला कमरेवर घेतलं, मला खांद्यावर घेतलं आणि रिक्षा पकडून थेट परेशचं दुकान गाठलं.

परेशने टॉर्च लावून माझ्या भोकात बघितलं आणि शीळ घातली. "वहिनी, याला समुद्रात आंघोळ घातलीत काय? आत हिरवं शेवाळ धरावं तसा गंज आहे. भाग बदलावा लागेल. आज नाही होणार. पार्ट मागवावा लागेल."

"चार वाजता फाईल जायची आहे, दादा."

"मग आहे त्या बॅटरीवर काय होतंय बघा. माझ्याकडे दुसरा सुटा नाही."

ती काउंटरच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. ज्या जागी मी अकरा महिने बसलो होतो, तीच जागा. अमिषाला परेशने रिकाम्या खोक्यात बसवलं, तर तिला तेच घर वाटलं. प्राप्तीने माझा प्रकाश अगदी मंद केला, नको त्या सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि लिहू लागली. मीही जे जे थांबवता येईल ते थांबवलं. पंखा थांबवला. अंग तापलं तरी फिरवला नाही. चोवीस टक्के. सतरा. अमिषा रडली, तिला पायाने खोका हलवत हलवत गप्प केलं. अकरा. एक आकडा जुळेना, तो तिने पहिल्यापासून तपासला. मला वाटलं, सोड गं, राहू दे एवढं. पण तिने सोडलं नाही. सहा टक्के. चार वाजायला बारा मिनिटं असताना फाईल गेली. माझ्यात दोन टक्के होते. प्रमोदिनी मॅडमचं एका ओळीचं उत्तर आलं, 'मिळालं. नीट आहे.' ते तिने वाचलं आणि मी विझलो.

मी विझल्यावर परेशने बॅग उलटी केली. "ओल आली कुठून?" असं पुटपुटत त्याने बाजूच्या कप्प्यात हात घातला आणि ओली, चिकट पुरचुंडी बाहेर काढली. "हे बघा. मीठ! कुणी ठेवलं हे?"

प्राप्तीने तो हिरवा काठ ओळखला. त्या लुगड्याची गोधडी अमिषा रोज पांघरत होती. रागावली का? थोडी रागावली असेल. मग तिने ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. "माझ्याकडूनच राहिलं असेल," ती परेशला म्हणाली.

पार्ट येईपर्यंत मीही घरीच राहणार होतो. घरी आल्यावर आजीने विचारलं, "काय झालं गो यंत्राला?"

"काही नाही, आई. हवेनं झालं."

एवढंच. तिला वाटलं, आपण आईंचं मन राखलं. पण दुसऱ्या दिवशी, प्राप्ती विहिरीवर गेली असताना, आजीने रिकाम्या बॅगेत हात घातला. कप्पा धुतलेला होता आणि पुरचुंडी नव्हती. तिने बॅग पुन्हा खुंटीला अडकवली. तिला सगळं समजलं. सून बोलली नाही, म्हणजे सुनेने मनात धरलं, असं तिने मानलं. दोघींपैकी एकीने जरी तोंड उघडलं असतं, तर दोघी कदाचित पोट धरून हसल्या असत्या. पण दोघीही गप्प राहिल्या. मी दुरुस्त होऊन घरी आलो, त्या दिवसापासून आजीने मला हात लावला नाही. झाडताना माझ्याभोवतीची जागा झाडायची आणि मला वगळायची. अमिषा माझ्याजवळ आली तर म्हणायची, "हात लावू नको बाय. आपल्या हातानं बिघडतं त्ये."

सप्टेंबरात प्राप्ती कायम झाली. मला फार आनंद झाला. तिने पेढे आणले आणि एक पेढा माझ्या झाकणावरही ठेवला. पुढची दोन वर्षं आम्ही असं काम केलं की काय सांगू. माझी काही बटणं गुळगुळीत झाली. त्यांच्यावरची अक्षरं पुसली गेली, ती तिच्या बोटांना पाठ होती.

मग ऑफिसने पुण्याकडे तळेगावला नवीन शाखा काढली आणि तिथली जबाबदारी प्राप्तीकडे दिली. तिला ऑफिसकडून नवा लॅपटॉप मिळाला. हितेशलाही तिकडेच गाडीचं काम लागलं. अमिषाला तिकडच्या शाळेत घातलं. एका रविवारी सामान टेम्पोत चढलं. मी खुंटीवरच होतो. मिठाने आपलं काम चोख केलं म्हणायचं. वस्तू घरातच राहिली.

निघताना प्राप्तीने मला खाली घेतलं, पुसलं आणि या फळीवर ठेवलं. "आई, हा तुमच्यासाठी. इंटरनेट चालूच ठेवतेय मी. रविवारी यावर आपण एकमेकांना बघत बोलू. हितेश पुढच्या आठवड्यात येऊन शिकवून जाईल."

"व्हय व्हय," आजी म्हणाली. ती अमिषाच्या पायात चप्पल घालत होती. दोन्ही पायांत.

हितेशला पुढच्या आठवड्यात जमलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गणपतीला सगळे आले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, शिकवायचं राहून गेलं. धर्माबाबांच्या बटणांच्या फोनवर प्राप्ती रोज बोलते. "लॅपटॉप बघितलात का, आई?" असं तिने सुरुवातीला विचारलं. "बघू सावकाशीनं," असं आजी म्हणत राहिली. मग तिनेही विचारायचं सोडलं. शेजारपाजारच्या पोरांना विचारायला आजीला धीर होत नाही. कारण तिच्या मते तिचा हात वाईट आहे. माझ्याशेजारी इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा दिवसरात्र लुकलुकत असतो. सगळं तयार आहे. मी भरलेला आहे. आठवड्यातून एकदा धर्माबाबा, सून सांगून गेली म्हणून, माझी वायर घड्याळ लावून अर्धा तास लावतात आणि काढून ठेवतात.

मित्रांनो, परवाची गोष्ट सांगतो. दुपारची वेळ होती. धर्माबाबा नाक्यावर गेले होते. आजीने भांडी घासली, हात साबणाने दोनदा धुतले, पदराला कोरडे केले आणि ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिने रुमाल बाजूला केला आणि दोन बोटांनी माझं झाकण उचललं. अडीच वर्षांत पहिल्यांदा तिचा स्पर्श मला झाला.

मला खाली पाटावर ठेवून ती समोर मांडी घालून बसली. काळ्या काचेत तिला तिचाच चेहरा दिसला. तिने केस मागे सारले, पदर नीट केला. प्राप्ती मीटिंगच्या आधी करायची, तसंच.

"अमिषा," ती काचेत बघून म्हणाली. "अमिषा बाय, ऐकू येतंय काय गो? आजी हाय. मी कशाला हात न्हाय लावला हां, नुसती बसलेय. तुजी मांजर व्याली. तीन पिल्लं हायेत, एक अगदी तुज्यासारखं, खायाला बघत न्हाय. शेवग्याला शेंगा लागल्यात. मायला सांग, शेंगा पाठवते म्हनून." पुढचं ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आनि मायला सांग, त्ये मीठ मीच ठेवलं होतं. वाईट वाटून घेऊ नको म्हनावं."

मग ती उत्तराची वाट बघत बसली. माझ्याकडे कान देऊन.

मी बंद होतो. माझ्या पोटात सगळं होतं, पडदा होता, आवाज होता, तळेगावपर्यंतची वाट होती. पण समोर होती ती बंद काच, आणि आजी त्या काचेशी बोलत होती. खिडकीतून एक कावळा ओरडून गेला. शेवटी आजी म्हणाली, "कामात असंल," आणि निजलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं तिने माझं झाकण मिटलं.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. नवीन लॅपटॉप घ्याल तेव्हा त्याचं वजन बघा, रॅम बघा, बॅटरी बघा. त्याला मिठापासून, पाण्यापासून जपा. पण जुना घरी ठेवून निघाल, तेव्हा पाच मिनिटं खाली बसा. आमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं एक बटण असतं. घरातल्या आजीचं बोट धरून त्या बटणावर ठेवा आणि दाबायला लावा. पुन्हा एकदा दाबायला लावा. ती घाबरून हात मागे घेईल. म्हणेल, बिघडलं म्हंजे? तेव्हा हसून, पण चांगलं मोठ्याने सांगा, बिघडलं तर बिघडलं. आमच्या घरात ते सांगायचं राहून गेलं आहे.